‘रस्ता द्या’ नको, ‘थांबा’ हवा!



आमच्या वस्तीची गल्ली कॉलनीच्या मोठ्या रस्त्याला जिथे मिळते, त्या चौकात पाटी कोणती लावायची यावर गेले काही महिने वाद चालू आहे. चौक साधाच आहे. एका बाजूला आमची गल्ली, समोर महापालिकेच्या शाळेकडे जाणारी गल्ली आणि आडवा जाणारा कॉलनीचा रुंद रस्ता. एका कोपऱ्यावर सोसायटीची उंच भिंत, दुसऱ्या कोपऱ्यावर विजेची डीपी आणि तिला बारा महिने बांधलेले वाढदिवसाचे फ्लेक्स. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक गंजलेली उलट्या त्रिकोणाची पाटी आहे. तिचा अर्थ ‘रस्ता द्या’. कॉलनीच्या रस्त्यावर एकही पाटी नाही.

म्हणजे सरळ अर्थ असा की वस्तीतून येणाऱ्याने रस्ता द्यायचा आणि कॉलनीतून येणाऱ्याने तो घ्यायचा. पायी चालणाऱ्याचा तर या हिशेबात उल्लेखच नाही.

आता रस्त्याचे डांबरीकरण होणार आहे. कार्यालयाचा प्रस्ताव असा की आहे तीच पाटी रंगवून पुन्हा लावू, समोरच्या गल्लीलाही तशीच एक लावू. आमचे म्हणणे वेगळे आहे. चारही बाजूंना लाल अष्टकोनी ‘थांबा’ पाटी हवी, तिच्या पुढे थांबण्याची पांढरी रेघ हवी आणि कॉलनीच्या रस्त्यावर उचललेला झेब्रा पट्टा हवा. हा लेख या मागणीच्या बाजूने आहे. विरोध करणाऱ्यांचे मुद्देही मांडतो, कारण त्यांतले काही खरे आहेत आणि खऱ्या मुद्द्याला उत्तर द्यावेच लागते.

‘विषय किरकोळ आहे’

पहिला आक्षेप बाहेरून नाही, आपल्याच माणसांकडून आला. एक कार्यकर्ता बंधू म्हणाले, “इथे आरक्षण संपवायला निघालेत, शिष्यवृत्त्या अडवल्यात, आणि तुम्ही पाट्या कसल्या मोजताय?”

दादा, संविधान उघडा. अनुच्छेद १५ चा दुसरा खंड वाचा. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान या कारणावरून कोणाला कशाच्या वापरापासून अडवता येणार नाही, त्याची तिथे यादी आहे. विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते आणि सार्वजनिक वावराच्या जागा. चवदार तळे आणि रस्ता एकाच ओळीत आहेत. हे उगाच झालेले नाही. या देशात पाण्याइतकाच रस्ताही आपल्याला नाकारला गेला, म्हणून तो त्या ओळीत आहे.

१८९३ साली अय्यनकाळी त्रावणकोरात बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्यावरून गेले, तेच बंड ठरले. १९२४ साली वैकमला सत्याग्रह झाला तो मंदिरात शिरण्यासाठी नव्हता, मंदिराभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे म्हणून होता. त्या रस्त्यांवरही पाटी होती. ‘अवर्णांनी याच्या पुढे येऊ नये’ असे सांगणारी. रस्त्यावरची पाटी कोणाला थांबवते आणि कोणाला सोडते हा प्रश्न आपल्यासाठी कधीच किरकोळ नव्हता.

आणि बाबासाहेबांचे चाळीसगाव? १९२९ साल. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करणाऱ्या सरकारी समितीचे ते सदस्य होते. चाळीसगावच्या लोकांनी त्यांना मुक्कामाचा आग्रह केला. स्टेशनवरून महारवाड्यात न्यायला एकही टांगेवाला तयार होईना, महाराला घेऊन टांगा हाकणे त्यांना कमीपणाचे वाटले. शेवटी टांगा मिळाला पण हाकणारा मिळाला नाही. ज्याला टांगा हाकता येत नव्हता अशा आपल्याच माणसाने लगाम हातात घेतला. नदीच्या पुलावर अपघात झाला, बाबासाहेब फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला. हा प्रसंग त्यांनी स्वतः लिहून ठेवला आहे. कागदावर तो एक वाहन अपघात. पण कारण घोडा नव्हता, पूल नव्हता, कारण जात होती. रस्त्यावरच्या अपघाताकडे कसे पाहायचे हे आपल्याला तिथून शिकता येते.

दोन पाट्यांत फरक काय?

दोन्ही पाट्या कायद्यात आदेशात्मक चिन्हांत मोडतात. दोन्ही न पाळणे हा गुन्हाच. मग भांडण कशाचे?

‘रस्ता द्या’ ही पाटी चालकाला सांगते की वेग कमी कर, बघ, मुख्य रस्त्यावर कोणी येत असेल तर त्याला जाऊ दे, नसेल तर तू न थांबता जा. म्हणजे निर्णय चालकाने घ्यायचा. रस्ता मोकळा आहे की नाही हे त्याच्या डोळ्यांवर, त्याच्या घाईवर आणि त्याच्या मनावर सोडलेले आहे.

‘थांबा’ ही पाटी निर्णय चालकाकडून काढून घेते. समोर कोणी असो वा नसो, चाक पूर्ण थांबले पाहिजे. मग बघ, मग जा.

जिथे कोपऱ्यावर लांबून दिसते तिथे पहिली पाटी पुरते, हे मी मान्य करतो. मोकळ्या माळावरच्या फाट्याला चारही बाजूंनी वाहने थांबवणे मूर्खपणा आहे. पण आमच्या चौकात दिसते किती? भिंत आणि डीपी यांमुळे गल्लीच्या तोंडाशी उभ्या माणसाला कॉलनीच्या रस्त्याचा जेमतेम पंधरा पावलांचा तुकडा दिसतो. आता हिशेब करा. आपल्या रस्त्यांच्या अभियांत्रिकीत चालकाला धोका दिसून ब्रेक दाबेपर्यंत अडीच सेकंद धरतात. ताशी ३० किलोमीटरने येणारी गाडी अडीच सेकंदांत सुमारे २१ मीटर जाते. ताशी ५० ने येणारी सुमारे ३५ मीटर. हे ब्रेक लागायच्या आधीचे अंतर आहे. पंधरा पावले म्हणजे फार तर दहा-अकरा मीटर. म्हणजे मूल दिसल्यावर चालकाने ब्रेक दाबायच्या आत गाडी मुलाच्या अंगावर आलेली असते. इथे चालक सज्जन आहे की उर्मट हा प्रश्नच उरत नाही. सज्जन चालकालाही वेळ मिळत नाही. जिथे बघून ठरवता येत नाही तिथे ‘बघून ठरव’ असे सांगणारी पाटी लावणे म्हणजे जबाबदारी झटकणे आहे.

हृदयपरिवर्तन की हक्क?

हा वाद मला ओळखीचा वाटतो. १९३२ साली, पुणे करारानंतर, अस्पृश्यता निवारणासाठी जो संघ निघाला त्याच्या ठक्कर बाप्पांना बाबासाहेबांनी नोव्हेंबर महिन्यात बोटीवरून सविस्तर पत्र लिहिले. त्यातला मुख्य आग्रह काय होता? व्यक्तींना सद्गुण शिकवत बसू नका, नागरी हक्कांसाठी मोहीम काढा. विहिरीचे पाणी, गावची शाळा, चावडी, सार्वजनिक वाहने. संघाने त्या वाटेने जायचे टाळले. सवर्णांच्या मनात दया येईल, मग ते आपोआप रस्ता देतील, ही त्यांची श्रद्धा होती.

‘रस्ता द्या’ ही पाटी त्याच श्रद्धेवर उभी आहे. कॉलनीचे एक सद्गृहस्थ बैठकीत म्हणाले, “आमचे लोक सुशिक्षित आहेत, कोणी चालत असेल तर थांबतातच की.” थांबत असतील, त्यांचे आभार. पण काका, आम्हाला तुमच्या चांगुलपणावर रस्ता ओलांडायचा नाही. तुमचा मूड, तुमची मीटिंग, तुमचा मोबाइल यांवर आमच्या पोरांचे आयुष्य टांगायचे नाही. तुम्ही थांबता ते उपकार म्हणून नको, नियम म्हणून हवे.

आता आक्षेप घेऊ.

एक : ‘ट्रॅफिक जाम होईल, लोकांचा वेळ जाईल.’

धरून चालू की प्रत्येक गाडीचे दहा सेकंद जातील. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, म्हणजे दिवसाला वीस सेकंद. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर सहा हजार सेकंद, म्हणजे शंभर मिनिटे. एका गाडीवाल्याचे वर्षाला शंभर मिनिटे.

दुसऱ्या पारड्यात काय आहे ते सांगतो. गेल्या पावसाळ्यात आमच्या गल्लीतल्या एका मावशीला याच चौकात मोटरसायकलने उडवले. चार घरची धुणीभांडी करणारी बाई. मांडीचे हाड मोडले, तीन महिने खाटेवर. चारपैकी तीन घरांनी दुसरी बाई ठेवली. थोरल्या पोरीची बारावी त्या वर्षी राहिली, कारण घरचा स्वयंपाक आणि उरलेले एक काम तिच्यावर आले. शंभर मिनिटे एका बाजूला, एका पोरीचे वर्ष दुसऱ्या बाजूला. ‘लोकांचा वेळ’ म्हणताना लोक म्हणजे कोण, हे आधी ठरवा.

दोन : ‘या चौकात अपघातांची नोंदच नाही.’

हा कार्यालयाचा सर्वांत आवडता मुद्दा. नोंद नाही, म्हणून धोका नाही, म्हणून ‘थांबा’ नाही. जगभर असे निकष असतात. अमेरिकेच्या वाहतूक फलकांच्या नियमपुस्तकाच्या २००९ च्या आवृत्तीत सर्व बाजूंना ‘थांबा’ लावण्याचा एक निकष असा आहे की ‘थांबा’ने टळले असते असे पाच किंवा अधिक नोंदलेले अपघात बारा महिन्यांत झालेले असावेत. दुसरा निकष वाहनांच्या संख्येचा. ऐकायला शास्त्रीय वाटते. पण ‘नोंदलेले’ या शब्दावर बोट ठेवा.

मावशीच्या अपघाताची नोंद झाली नाही. मोटरसायकलवाल्याने तिथेच दोन हजार रुपये हातावर ठेवले. पोलीस ठाण्यात गेलो तर दिवसाची मजुरी जाणार, उलट आपल्यालाच ‘बघून चालता येत नाही का’ ऐकावे लागणार, हे घरच्यांना माहीत होते. ते गेले नाहीत. सरकारच्या लेखी तो अपघात घडलाच नाही. ज्याची ठाण्यात जायची हिंमत आणि ऐपत आहे त्याचाच अपघात मोजला जातो. मग त्या आकड्यांवरून सुरक्षितता कुठे द्यायची ते ठरते. गरिबाचे हाड दोनदा मोडते, एकदा रस्त्यावर आणि एकदा तक्त्यात.

आणि वाहने मोजता, माणसे कोण मोजणार? सकाळी सहा ते नऊ या वेळेत त्या चौकातून सफाई कामगार जातात, घरकामाच्या बाया जातात, शाळेची पोरे जातात. त्यांना चाके नाहीत म्हणून ती मोजणीत नाहीत. देशपातळीवर मात्र त्यांची मोजणी होते, पण मेल्यावर. रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात रस्ता अपघातांत १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे रोज सुमारे नव्वद.

तीन : ‘आपल्याकडे थांबा पाटी पाळतो कोण?’

हा मुद्दा खरा आहे. नुसत्या पाटीने काही होत नाही हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? बोले ठराव १९२३ साली झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचा ठरावही केला. तरी तळ्यावर कोणाला पाऊल टाकता आले नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब हजारोंना घेऊन चालत गेले, तेव्हा त्या ठरावाला अर्थ आला. काही जण इथे बाबासाहेबांनाच आमच्यावर फेकतात. रानड्यांवरच्या १९४३ च्या व्याख्यानात त्यांनी म्हटलेच आहे ना, की हक्कांचे रक्षण कायदा करत नाही, समाजाची सद्सद्विवेकबुद्धी करते? हो, तशा अर्थाचे म्हटले आहे. पण त्यावरून ‘मग कायदा कशाला’ असा निष्कर्ष त्यांनी काढला नाही. तेच म्हणणाऱ्या माणसाने पुढे देशाचे संविधान लिहिले. कायदा एकटा पुरत नाही म्हणून कायदा सोडायचा नसतो, त्याला बळ द्यायचे असते.

म्हणून आमची मागणी नुसत्या पाटीची नाही. ‘थांबा’ पाटी हे वेग कमी करण्याचे साधन नाही, असे अभियंते सांगतात आणि ते बरोबर आहे. त्यासाठीच पाटीबरोबर उचललेला झेब्रा मागितला आहे. आपल्याकडच्या गतिरोधकाचे मानक ठरलेले आहे, ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच, ताशी २५ किलोमीटरने गाडी सहज जावी असे. हाडे खिळखिळी करणारा टेंगूळ नको, मानकाप्रमाणे केलेले काम हवे. मग पोलीस नसला तरी रस्ताच गाडीला हळू करेल आणि हळू झालेली गाडी रेघेवर थांबेल. त्याचबरोबर डीपीवरचे फ्लेक्स काढा आणि रात्रीचा दिवा लावा. पाटी, उंचवटा, उजेड आणि मोकळी नजर. चारही एकत्र.

चार : ‘चारही बाजूंना थांबा लावायची आपल्याकडे पद्धत नाही.’

पद्धत! या शब्दाने आपल्या किती पिढ्या खाल्ल्या. तळ्याचे पाणी द्यायची पद्धत नव्हती. शाळेत आत बसवायची पद्धत नव्हती. दक्षिण आफ्रिकेत आणि अमेरिकेत चारही बाजूंना ‘थांबा’ असलेले चौक रोजचे आहेत. जो आधी आला तो आधी जातो. कोण मोठ्या गाडीत आहे, कोण कुठून आला, याला तिथे किंमत नाही. रांगेतली समता. म्हणून काहींना ती पचत नसावी. आजच्या पाटीने ठरवून टाकले आहे की कॉलनीचा रस्ता ‘मुख्य’ आणि आमची गल्ली दुय्यम. हा मुख्यपणा कोणी ठरवला? रुंदीने. आणि गल्ली अरुंद का राहिली? कारण नगररचनेच्या नकाशावर आमची वस्ती कधी वस्ती म्हणून आलीच नाही. आधी गल्ली अरुंद ठेवायची, मग अरुंद आहे म्हणून तिने वाट सोडायची. वाट सोडून उभे राहण्याची जी शिकवण आपल्या आज्यापणज्यांना दिली गेली, तिचेच हे डांबरी रूप आहे.

असे करणाऱ्या अभियंत्याच्या मनात जातिद्वेष आहे असा माझा आरोप नाही. त्याची गरजच नाही. व्यवस्थेला द्वेष करणारा माणूस लागत नाही, जुनी पाटी पुन्हा रंगवणारा माणूस पुरतो.

आता आपल्याशी थोडे

या चौकाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून आपण मोर्चा काढला होता. नाव मिळाले, निळा फलक लागला, १४ एप्रिलला तिथे हार चढतो. मला त्याचा अभिमान आहे. पण त्या फलकाखालून आपली पोरे जीव मुठीत धरून पळत रस्ता ओलांडतात आणि आपण त्याबद्दल एक अर्ज करत नाही, हे बाबासाहेबांना आवडले असते का? नावाचा फलक आपली अस्मिता सांगतो. ‘थांबा’चा फलक आपले पोर वाचवतो. दोन्ही हवेत. पण कमानीसाठी वर्गणी काढणारे मंडळ वाहतुकीच्या अर्जावर सहीला येत नसेल, तर चूक फक्त कार्यालयाची नाही. नेते नामकरणाला येतात, कारण तिथे कॅमेरा असतो. झेब्रा पट्ट्याच्या उद्घाटनाला कोणी येत नाही.

मग करायचे काय?

पहिले, आपणच मोजणी करायची. एक आठवडा, सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी पाच ते आठ. कॉलेजची पोरे-पोरी वही घेऊन बसतील. किती माणसे चालत गेली, त्यांत मुले किती, म्हातारी किती, किती गाड्या न थांबता गेल्या. तारीख-वेळेसह.

दुसरे, ज्यांना या चौकात लागले आहे त्यांची घरोघर जाऊन यादी. नोंद नसलेल्या अपघातांची नोंद आपण करू. पुढचा अपघात झाला तर ठाण्यात एकट्याला जाऊ द्यायचे नाही, पाच जणांनी बरोबर जायचे.

तिसरे, माहिती अधिकारात अर्ज. या चौकाची वाहतूक मोजणी कधी केली, त्यात पादचारी मोजले का, जुनी पाटी कोणत्या आदेशाने लागली. उत्तराला तीस दिवसांची मुदत आहे.

चौथे, निवेदनात कायदा लिहायचा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९८-अ आले. रस्त्याच्या रचनेत वा देखभालीत सुरक्षा मानके न पाळल्यामुळे मृत्यू किंवा अपंगत्व आले तर जबाबदार यंत्रणेला एक लाख रुपयांपर्यंत दंड आहे. सुरक्षित पदपथ हा अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये म्हटले आहे. धोका लेखी कळवला की ‘माहीत नव्हते’ हे उत्तर संपते. पोच घेतल्याशिवाय निवेदन द्यायचे नाही.

पाचवे, बैठकीला बायांनी यायचे. तो चौक दिवसातून चार वेळा ओलांडणाऱ्या त्या आहेत. आजवर बैठकीत गाडीवाले बोलले, आता चालणाऱ्या बोलतील.

कॉलनीच्या लोकांनाही सांगणे आहे. हा तुमच्याविरुद्धचा लढा नाही. तुमच्या घरची म्हातारी माणसेही सकाळी याच रस्त्यावर फिरायला निघतात आणि तुमचीही मुले सायकलवर याच कोपऱ्यावरून वळतात. ‘थांबा’ पाटी जात विचारत नाही. आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्यालाही ती थांबवणार आहे आणि त्याने थांबलेच पाहिजे. आम्ही स्वतःसाठी सूट मागत नाही, सगळ्यांसाठी एकच नियम मागतो.

२५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की राजकारणात आपण समान असू, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात विषमता राहील. तो विरोधाभास शोधायला दिल्लीला जावे लागत नाही. मतदानाच्या दिवशी मावशीच्या आणि मोटारवाल्याच्या मताची किंमत एक असते. दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला चौकात ती एक नसते. ती किंमत चौकातही एक करायची, एवढीच मागणी आहे.

पुढच्या बैठकीला या. वही घेऊन या.

जय भीम! जय संविधान!